टेक्सास की न्यूयॉर्क: गे असाल आणि एच-१बीवर येत असाल तर

तुमचा प्रश्न असा: टेक्सास आणि न्यूयॉर्क अशा दोन ऑफर हातात आहेत, टेक्सासचा पगार जास्त आहे, जोडीदारालाही न्यायचंय, आणि भेदभावाविरुद्धचा कायदा सगळ्या अमेरिकेत आहेच तर राज्याने काय फरक पडतो? पडतो, आणि तो मुख्यतः व्हिसामुळे पडतो.

कायदा आहे हे खरं. १५ जून २०२० ला सुप्रीम कोर्टाने बॉस्टॉक खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की समलिंगी किंवा ट्रान्स आहे म्हणून कामावरून काढणं हा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली लिंगभेदच ठरतो. जेराल्ड बॉस्टॉक जॉर्जियातल्या एका काउंटीत बालकल्याणाचं काम करायचे. गे सॉफ्टबॉल लीगमध्ये खेळायला लागले आणि लवकरच नोकरी गेली. कंपनीत किमान १५ माणसं असली की हा कायदा लागू. तुम्ही नागरिक नसलात तरी चालतं.

आता तारखा बघा. भेदभावाची तक्रार ईईओसी या केंद्रीय आयोगाकडे १८० दिवसांत करायची, बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांत. पुढे चौकशी रेंगाळते ती वेगळीच. एच-१बीवर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर, असताना नोकरी गेली तर मात्र नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. म्हणजे हक्क शाबूत, पण तो बजावायला तुम्ही इथे असालच असं नाही. खटला मायदेशातूनही चालवता येतो म्हणे, चालवा बरं! म्हणून माझ्या ओळखीतले व्हिसावाले सहसा भांडत बसत नाहीत, गुपचूप दुसरी नोकरी बघतात.

आणि ही दुसरी नोकरी तुम्ही बहुधा त्याच शहरात शोधणार. समाजशास्त्रज्ञ आंद्राश टिलचिक यांनी २०११ मध्ये छापलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. सात राज्यांतल्या १,७६९ जाहिरातींना त्यांनी बनावट रेझ्युमेंच्या जोड्या पाठवल्या. एकात कॉलेजच्या गे संघटनेचा खजिनदार, दुसऱ्यात डाव्या विचारांच्या संघटनेचा. डावी संघटना मुद्दाम, म्हणजे फरक निव्वळ राजकारणामुळे पडला असं कुणी म्हणू नये. मुलाखतीचं बोलावणं दुसऱ्याला ११.५ टक्के ठिकाणांहून आलं, गे उमेदवाराला ७.२ टक्के. ही दरी टेक्सास, फ्लोरिडा, ओहायोत ठळक होती. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात तेवढी नाही. अभ्यास जुना आहे, तरी ६० दिवसांत बोलावणी गोळा करायची असतील तर मी त्याकडे काणाडोळा करणार नाही. शिवाय न आलेल्या फोनविरुद्ध तक्रार करणार कशी? रेझ्युमेवर असलं काही असेल तर तूर्त काढा, असं माझं मत. काहींना हे पटत नाही, त्यांच्याकडे ग्रीन कार्ड असतं.

न्यूयॉर्कचा स्वतःचा कायदा लहान कंपन्यांनाही लागू आहे आणि राज्याकडे तक्रारीला आता तीन वर्षं मिळतात. टेक्सासच्या राज्य कायद्यात लैंगिक कलाचा उल्लेखच नाही, म्हणजे तिथे भिस्त केंद्रावर. आणि केंद्राचं वारं फिरतं: २०२५ च्या सुरुवातीला ईईओसीने ट्रान्स कर्मचाऱ्यांच्या बाजूने स्वतःच लढवत असलेले काही खटले मागे घ्यायला काढले. बॉस्टॉकचा निकाल कायम आहे, पण सरकार तुमच्यासाठी कोर्टात उभं राहील हे गृहीत धरू नका.

ऑफिसात सांगायची घाई नको. एलजीबीटी विषयांवर संशोधन करणाऱ्या विल्यम्स इन्स्टिट्यूटच्या २०२१ च्या पाहणीत जवळपास निम्म्या एलजीबीटी कर्मचाऱ्यांनी साहेबाला सांगितलेलं नव्हतं. काही खुपलं तर त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं हे घरच्या वहीत लिहा. एचआरकडे जायचं तर लेखी जा. लेखी तक्रारीनंतर त्रास दिला तर तो सूड ठरतो आणि त्यालाही कायद्याने बंदी आहे.

जोडीदाराला एच-४ (एच-१बीवाल्याच्या नवरा-बायकोला मिळणारा व्हिसा) हवा असेल तर लग्न झालेलं लागतं आणि ते जिथे झालं तिथे कायदेशीर असावं लागतं. भारतात समलिंगी लग्न कायदेशीर होत नाही, सुप्रीम कोर्टाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही नाही. मग एक तर जिथे होतं अशा देशात लग्न करून या, नाहीतर त्यांनी सोबत राहणारा जोडीदार म्हणून बी-२, म्हणजे पर्यटकांचा व्हिसा, मागावा. त्यावर काम करता येत नाही आणि मुदतवाढ मागत राहावी लागते. तुम्ही जॉइन व्हायची तारीख कळवण्याआधी हे ठरवा.