रेंज गेली म्हणून खून लपत नाही

चि. होतकरू लेखकास,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. व्हिक्टोरियन काळातला होम्स आजच्या लंडनमध्ये, सहा भाग. त्यातल्या चार भागांत ऐन मोक्याला कुणाच्या तरी मोबाइलची रेंज जाते, हे मात्र पचलं नाही. एकदा जाऊ दे, प्रेक्षक समजून घेतो. दुसऱ्यांदा तो तुझी चोरी पकडतो आणि रिमोट उचलतो.

अडचण कळते मला. या जुन्या गोष्टी त्या काळाच्या अडसरांवर उभ्या आहेत. शेवटची आगगाडी चुकली की रात्र तिथेच काढायची, घटस्फोट म्हणजे बेअब्रू, मुलगा नसला की घर दूरच्या पुतण्याला, आणि नोकरांनी सगळं बघायचं पण तोंड उघडायचं नाही. काळ पुढे आणला की हे अडसर गळून पडतात आणि गोष्ट भुसभुशीत होते. म्हणून पात्रांचे कपडे बदलण्याआधी एवढंच बघ, की मूळ कथेत कोण कशापायी अडलं होतं. मग तो अडसर त्याच्या काळासकट ठेव, नाहीतर आजचा तितकाच पक्का दुसरा शोध.

दुसरी वाट कशी चालायची ते बघायला बीबीसीच्या २०१० सालच्या ‘शेरलॉक’चा पहिला भाग वही घेऊन बघ. होम्सचा जन्मदाता डॉइल, त्याच्या १८९०च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये वॉटसन होम्सच्या हातात एक खिशातलं घड्याळ देतो. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे असतात. होम्स म्हणतो, मालक रात्री दारूच्या नशेत थरथरत्या हातानं किल्ली द्यायचा. झाकणाच्या आत सावकारानं टाचणीनं कोरलेले आकडे, म्हणजे घड्याळ पुन्हापुन्हा गहाण पडलेलं. मालक कोण, तर वॉटसनचा थोरला भाऊ. स्टीव्हन मॉफट आणि मार्क गेटिस या मालिकाकर्त्यांनी घड्याळाच्या जागी मोबाइल ठेवला. ओरखडे आता चार्जरच्या भोकाभोवती. दारू तीच, थरथरता हात तोच. गहाणाचे आकडे गाळले आणि फोनच्या पाठीवर ‘हॅरी’ला कुणीतरी प्रेमानं दिल्याची अक्षरं कोरली. शेरलॉक बेधडक सांगतो, भाऊ. आणि हॅरी निघते बहीण, हॅरिएट. पुस्तक पाठ असलेला माणूसही इथे चकतो, आणि खूश होतो.

भिंतीवरच्या, माफ कर, मालिकेत जमिनीवरच्या ‘राखे’ (Rache) या अक्षरांचंही तसंच. होम्सच्या १८८७च्या पहिल्या कादंबरीत पोलिसाला वाटतं, कुणी तरी ‘रेचेल’ (Rachel) लिहिता लिहिता राहिलं. होम्स त्याला सुनावतो की हा सूडाचा जर्मन शब्द आहे. मालिकेत जर्मनचं ज्ञान पाजळणाऱ्यालाच शेरलॉक हाकलतो, आणि खरं निघतं ते ‘रेचेल’. दोघांनी मूळ ग्रंथ किती घोटला असेल बघ! वॉटसनला मात्र हात लावावा लागला नाही. तो तेव्हाही अफगाणिस्तानातून जखमी होऊन आला होता आणि २०१०मध्येही तिथूनच आला.

आपल्याकडे पुलंनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली ती याच वाटेनं. बोलीवरून माणसाची पायरी ठरवणारे लोक इथेही होतेच, त्यांना आयात करावं लागलं नाही.

पहिली वाट, म्हणजे अडसर त्याच्या काळासकट ठेवायची, सोपी वाटते, पण नाही. डेव्हिड सुशेनं रंगवलेला गुप्तहेर पॉयरो १९८९ ते २०१३ असा ७० भाग चालला. अ‍ॅगाथा ख्रिस्तीबाईंची पॉयरोची पुस्तकं १९२० ते १९७५ एवढ्या काळात पसरलेली. मालिकेनं बहुतेक सगळी १९३०च्या दशकात आणून बसवली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. एकदा घर, गाड्या, टोप्या ठरल्या की लेखक माणसांकडे बघायला मोकळा. त्यातला ‘ओरिएंट एक्स्प्रेस’चा २०१०चा भाग बघ. उत्तर सगळ्या जगाला ठाऊक. म्हणून त्यांनी ताण हलवला: खून कुणी केला यापेक्षा, हाती जपमाळ धरणारा हा कॅथलिक माणूस आता काय निर्णय घेणार, याची धास्ती. खुनाचा उलगडा तोच, जीव मात्र तिथे वर-खाली होतो.

खुनी बदलावा का, असं विचारलंयस. बीबीसीनं २०१८मध्ये ख्रिस्तीबाईंच्या ‘ऑर्डील बाय इनोसन्स’मध्ये बदलला आणि बाईंचे भक्त खवळले. मला त्यात पाप दिसत नाही. पण खुनी बदलायचा तर पहिल्या पानापासून गोष्टच दुसरी लिहावी लागते. शेवटच्या भागात धक्का हवा म्हणून बदललास तर कळतं.

ऑस्टेनबद्दल थोडंच लिहितो. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिसनं १९९५च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेत घराच्या वारशाचा पेच जिथल्या तिथे ठेवला. भर घातली ती कादंबरीला दिसत नाही तिथे. कादंबरी बहुतेक नायिका एलिझाबेथच्या नजरेनं चालते. त्यानं ती नसताना नायक डार्सी काय करतो ते दाखवलं. तलवारबाजी, अंघोळ, आणि ती तळ्यातली उडी, जी पुस्तकात शोधून सापडणार नाही. (डार्सीच्या हवेलीचं बाहेरचं रूप लाइम पार्कचं, आतल्या खोल्या सडबरी हॉलच्या. जोडणी कुणाला जाणवली?)

नावाच्या पुण्याईवर विसंबू नकोस. १९७१–७५ची गाजलेली ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ बीबीसीनं २०१०च्या डिसेंबरात पुन्हा आणली, तेव्हा सप्टेंबरात आलेल्या ‘डाउनटन अ‍ॅबी’नं मालक-नोकरांचं घर आधीच थाटलं होतं. ‘अपस्टेअर्स’चा कारभार दोन हंगामांत आटोपला.

आता हक्कांचं. तुझ्या यादीतली दुसरी गोष्ट ख्रिस्तीबाईंची आहे. त्या १९७६मध्ये गेल्या. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०४६ अखेरपर्यंत. आपल्याकडे ६० वर्षं. परवानगी नसेल तर ती बाजूला ठेव. डॉइल १९३०मध्ये गेला, तिकडे तो मोकळा आहे. मात्र मोकळी आहेत ती त्याची पुस्तकं. मालिकांनी त्यात नव्यानं घातलेला ऐवज ज्याचा त्याचा.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा पात्रांची यादी नको. प्रत्येक भागाला दोन ओळी: मूळ कथेत कोण कशापायी अडलं, आणि तुझ्याकडे कशापायी अडतं. तिसऱ्या भागातल्या घरमालकिणीला तेवढं हात लावू नकोस, ती झकास उतरली आहे.

कळावे.