रेसमध्ये पैसे सुटतात का?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

महालक्ष्मीच्या रेसवर लावून महिन्याचं उत्पन्न काढता येईल का, असं तू विचारलंस. घोडा वाचणं ही विद्या आहे यात शंका नाही. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानेही घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ मानली. पण उत्पन्नाचं विचारशील, तर आजच्या घडीला माझं उत्तर 'नाही' असंच आहे. नुसतं 'नादी लागू नकोस' म्हटलेलं तुला पटणार नाही, म्हणून आकडेच मांडतो.

कागद घे. सहा घोड्यांची रेस आहे. बुकीच्या फळ्यावर भाव असे: दीड, तीन, चार, सहा, आठ, बारा. तीनच्या घोड्यावर शंभर लावले आणि तो आला, तर तीनशे नफा आणि आपले शंभर परत. आता प्रत्येक भावात एक मिळव आणि त्याने 100 ला भाग: 40, 25, 20, 14.3, 11.1, 7.7. बेरीज 118 येते. सगळ्यांची मिळून खरी संधी 100 च असणार, तेव्हा वरचे 18 बुकीचे. म्हणजे तीनच्या घोड्याला बाजार 25 नव्हे, जेमतेम 21 टक्के संधी देतोय.

त्यावर कर. 22 सप्टेंबर 2025 पासून रेसच्या पैजेवर 40 टक्के जीएसटी आहे, आणि तो जिंकलेल्या रकमेवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. त्याच घोड्यावर शंभर लावायला खिशातून 140 जातात, आला तर हातात 400. म्हणजे नुसती तोंडमिळवणी व्हायलासुद्धा असे घोडे शंभरात 35 वेळा यायला हवेत. बाजार म्हणतो 21! शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि वर सेस; हरलेली तिकिटं त्यातून वजा होत नाहीत. तो कर नीट भरलास तर 35 चा आकडा पंचेचाळिशी ओलांडतो. एवढी तफावत भरून काढणारा घोडा वर्षातून एखाद्या वेळी दिसेल, दर रविवारी नाही.

टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमा करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या क्लबच्या खिडकीवर, जाऊनही सुटका होत नाही. तिथे क्लबचा हिस्सा पूलमधून आधीच निघतो आणि डिव्हिडंड, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारी रक्कम, रेस संपल्यावर कळतो. जॅकपॉट, म्हणजे पाच रेसचे विजेते एकाच तिकिटावर ओळखायची पैज, तर लांबच ठेव. पाच रेसमध्ये 3, 2, 4, 2, 3 असे घोडे धरलेस की 144 जोड्या होतात, आणि पैसे प्रत्येक जोडीचे मोजावे लागतात.

परदेशात काहींनी खरोखर कमावलं आहे. हाँगकाँगमध्ये बिल बेंटरने संगणकावर शक्यता मोजून मोठा पैसा काढला. पण तिथले पूल प्रचंड. ब्रिटनमध्ये पंटरवरचा (पैज लावणाऱ्यावरचा) पैजकर 2001 सालीच गेला. ती गणितं इथे जशीच्या तशी आणू नकोस.

हे ऐकून कोणीतरी तुला रेसकोर्सबाहेरच्या बुकीकडे नेईल: जीएसटी नाही, उधारीही चालते. कृपा करून जाऊ नकोस. तो बेकायदा धंदा आहे. जिंकलास तर पैसे मागायला कायदा पाठीशी नाही, आणि हरलास की उधारी वसूल करायला माणसं दारात येतात. घरं बसलेली आहेत ती या उधारीपायी.

तरीही शिकायचं असेल तर वहीवर शीक. भाव बघण्याआधी प्रत्येक घोड्याची संधी टक्क्यांत लिही, बेरीज 100 करून घे, मगच भाव टिपून शेजारी निकाल लिही. पहिली चूक बहुतेकांची घोड्याच्या पाठीवरच्या वजनात होते. घोड्याच्या ताकदीला गुण देतात, ते रेटिंग; रेटिंग जास्त तितकं वजन जास्त. समज, 40 ते 66 रेटिंगच्या क्लासमध्ये एखादा घोडा 1600 मीटरला दोन लेन्थने, म्हणजे दोन घोड्यांच्या लांबीने, जिंकला. हँडिकॅपरने, म्हणजे रेटिंग ठरवणाऱ्याने, त्याचं रेटिंग सहाने वाढवलं. एका गुणाला अर्धा किलो, म्हणजे त्याच प्रतिस्पर्ध्यांसमोर आता तीन किलो जास्त. या अंतराला एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लेन्थ. दोन लेन्थचा विजय तिथेच पुसला गेला, आणि लोक मात्र 'मागच्या वेळी आरामात आला होता' म्हणून त्याचा भाव पाडतात. पाठीवर वजनात सवलत मिळणारा ॲप्रेंटिस (शिकाऊ) जॉकी असेल तर तेवढं वजन उतरवून हिशोब कर.

दुसरी चूक जमिनीची. पुण्याचा सीझन पावसाळ्यात सुरू होतो; ओल्या ट्रॅकवर चाललेला घोडा महालक्ष्मीच्या हिवाळी, टणक ट्रॅकवर तसाच चालेल असं धरू नये. पेनेट्रोमीटरचा (ट्रॅक किती मऊ-टणक ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा प्रत्येक नोंदीत हवा. सकाळच्या वर्कच्या (सरावाच्या) वेळा वाचताना घोडा मोकळा सोडला होता की आवरून धरला होता, तेही लिही. नाहीतर 600 मीटरचा आकडा काहीच सांगत नाही.

आणि सुरुवातीच्या यशावर भरवसा नको. 25 टक्के संधीचे शंभर घोडे घेतले, तर निव्वळ योगायोगाने कधी 17 येतात, कधी 33. 33 आले की माणूस स्वतःला जाणकार समजून रक्कम दुप्पट करतो. निदान तीनशे रेसच्या नोंदी झाल्याशिवाय स्वतःबद्दल मत बनवू नकोस.

फेब्रुवारीत डर्बीला जावंसं वाटलं तर जरूर जा, तो दिवस बघण्यासारखा असतो. सिनेमाला जेवढे खर्चतोस तेवढेच रोख ने, कार्ड घरी ठेव. वहीत शंभर नोंदी झाल्या की घेऊन ये. जिथे तू 25 टक्के लिहिलंस तिथे खरोखर किती आले, ते आधी मोजू.