पाचवीत व्हीलचेअरवरची मुलगी येतेय : रॅम्पपलीकडचं काय?

तुम्ही लिहिलंय की तीन पायऱ्यांवर सहा फुटी रॅम्प बांधून झालाय, पाचवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, आणि आणखी काय करायचं?

वर्गाचा प्रश्न फुकटात सुटतो. अख्खी तुकडी तळमजल्यावर आणा. मुलीला उचलून वर नेण्याच्या भानगडीत पडू नका. उचलणारा रजेवर गेला की तिची शाळा बुडते, आणि मधल्या सुट्टीत ती वरच अडकते.

रॅम्प मात्र पुन्हा करावा लागेल. तीन पायऱ्या म्हणजे साधारण 45 सेंमी उंची. उतार 1:12 हवा, म्हणजे एक सेंमी उंचीला बारा सेंमी लांबी; एकूण लांबी 540 सेंमी, जवळपास 18 फूट. सहा फुटांत तो 1:4 झालाय, त्यावर मूल स्वतः चढू शकणार नाही. समोर जागा नसेल तर रॅम्प भिंतीलगत वळवून घ्या. रुंदी 120 सेंमी, वर आणि खाली 150 सेंमी सपाट जागा, दोन्ही कडांना कठडे. गुळगुळीत लादी नको, पहिल्याच पावसात घसरगुंडी होते. नवा होईपर्यंत उतरवताना खुर्ची उलटी धरा: मोठ्या माणसाने उताराच्या खालच्या बाजूला राहून मागे मागे पावलं टाकत उतरायचं. हे काम वर्गमित्रांवर सोपवू नका.

पण मूल शाळेत टिकतं की नाही, हे बहुतेक वेळा स्वच्छतागृहावर ठरतं. तिथे जाता येत नसेल तर मुलं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, गैरहजेरी, आणि शिक्षक म्हणतात ‘अभ्यासात रस नाही’. दार 90 सेंमी आणि बाहेर उघडणारं, आत खुर्ची वळायला 150 सेंमी, कमोड आणि पक्के दांडे हवेत. दांडा नुसत्या प्लास्टरमध्ये बसवला तर भार येताच निखळतो. मदतीला दोन बायका आधीच ठरवा, एक नसली तर दुसरी. आणि हे पालकांशी व मुलीशीही बोलून ठरवा. स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) असेल तर नळीने लघवी काढायला दर तीन-चार तासांनी वेळ लागते. ती वेळापत्रकातच धरा.

जोडबाकात खुर्ची शिरत नाही. सुटं टेबल घ्या. ती खुर्चीत बसलेली असताना जमिनीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत मोजा, त्यात चार-पाच सेंमी मिळवा. टेबलाखाली तेवढी मोकळी उंची हवी. खुर्चीचे हात टेबलाला अडत असतील तर ते निघतात का बघा. टेबल मैत्रिणीच्या बाकाला लावून ठेवा. दाराशी एकटं किंवा फळ्याखाली वेगळं नको.

शिबिरातून मिळालेली खुर्ची बरेचदा मोठ्या मापाची असते. पाय लोंबतात, अंग एका बाजूला कलतं, आणि मग अक्षर बिघडतं. पावलं टेकवायला लाकडी ठोकळा हा तात्पुरता उपाय. योग्य मापाच्या खुर्चीसाठी आणि प्रवास व मदतनीस भत्त्यासाठी गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना आत्ताच गाठा, जूनमध्ये नको.

खेळाच्या तासाला तिला दप्तरं राखायला बसवू नका. बोचिया (चेंडू लक्ष्याजवळ टाकायचा खेळ), चेंडूफेक, नेम मारणं, सगळं बसून जमतं. गुणलेखक करून टाकणं ही पळवाट आहे.

हवेची चाकं असतील तर दर आठवड्याला हवा तपासा. हवा कमी झाली की ब्रेक चाकाला नीट दाबत नाही, आणि ब्रेक लावलेली खुर्चीही उतारावर सरकते.