शंभर मतांच्या आधिक्याची अट कशासाठी?

प्रश्न : माझे मामा १९९०च्या दशकात अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकत होते. यूझनेटवर, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरील जुन्या चर्चाव्यवस्थेत, नवा चर्चागट काढायचा असेल तर आधी प्रस्ताव मांडावा लागे, मग मते मागवली जात, आणि होकार नकारांपेक्षा किमान १०० ने जास्त भरले तरच गट निघे, असे ते सांगतात. साधे बहुमत पुरेसे का मानले जात नसे? आणि जो गट आपण कधी वाचणार नाही, त्याच्या विरोधात मत देण्याचा अधिकार परक्या माणसाला कशासाठी होता?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मामांची आठवण बरोबर आहे. फक्त त्या मोजणीला आपण निवडणूक समजत आहात, आणि दोन्ही प्रश्न त्यातूनच निर्माण झाले आहेत.

यूझनेटची कल्पना १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना सुचली. या जाळ्याला मध्यवर्ती यंत्र नव्हते आणि मालकही नव्हता. एका संस्थेचा संगणक रात्री दूरध्वनीवरून दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला जोडला जाई आणि दिवसभरात साचलेला मजकूर पुढे पाठवी. लांब पल्ल्याच्या त्या दूरध्वनीचे बिल आणि मजकूर साठवण्याची जागा या दोन्हींचा भार ज्याच्या त्याच्या संस्थेवर पडत असे. त्यामुळे एखादा गट आपल्या यंत्रावर ठेवायचा की नाही, याचा अंतिम निर्णय तेथील व्यवस्थापकाच्या हाती होता, आणि तो कोणत्याही मतदानाने काढून घेता येत नव्हता. मतमोजणीचा उपयोग या व्यवस्थापकांना एवढेच कळवण्यापुरता होता, की गटाला पुरेसे वाचक आहेत आणि त्याचे नाव बहुतेकांना मान्य आहे.

हे लक्षात घेतले म्हणजे १०० मतांच्या अटीचा अर्थ उलगडतो. तीन होकार आणि दोन नकार हेही बहुमतच, परंतु तेवढ्यासाठी जगभरातील यंत्रांवर जागा अडवावी असे कोणता व्यवस्थापक म्हणेल? पुढे या अटीला दुसरी जोडली गेली : एकूण वैध मतांपैकी किमान दोन तृतीयांश होकार हवेत. ३०० होकार आणि १९० नकार पडले तर आधिक्य ११० चे होई, तरीही प्रस्ताव फेटाळला जाई, कारण होकार दोन तृतीयांशांहून कमी भरत. १८० होकार आणि ९० नकार असतील तर दोन तृतीयांशांची अट पुरी होई, पण आधिक्य ९० वरच अडे. पहिली अट वाचकांची संख्या पाही आणि दुसरी विरोधाचे वजन.

मतदानाहूनही मोलाचा भाग त्याच्या आधीचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रस्तावकाला प्रथम ‘आरएफडी’, म्हणजे चर्चेसाठीचे आवाहन, प्रसिद्ध करावे लागे. ते ‘न्यूज.अनाउन्स.न्यूग्रुप्स’ या संचालित गटात, म्हणजे संचालकाने तपासलेलाच मजकूर छापणाऱ्या गटात, येई आणि त्यावरील वाद ‘न्यूज.ग्रुप्स’मध्ये साधारण तीन ते चार आठवडे चाले. गटाचे नाव, त्यात कोणते विषय बसतील हे सांगणारी सनद, आणि संचालक नेमायचा असल्यास तो कोण, या तीन गोष्टी तेथे सर्वांसमोर तावून सुलाखून निघत. नावावरून होणारे भांडण आज क्षुल्लक वाटेल. परंतु नाव ही त्या जाळ्यातील एकमेव अनुक्रमणिका होती, आणि दूरच्या देशातील व्यवस्थापकाला गटाची ओळख तेवढ्यावरूनच पटवायची असे. मराठीचा गट ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या नावाने भारतीय शाखेखाली आला, तर तमिळ आणि बंगाली गट ‘सॉक.कल्चर’ या समाज-संस्कृतीच्या शाखेच्या थेट खाली होते. भाषेची ओळख देशाच्या नावाखाली लावावी की स्वतंत्र, हा प्रश्न अशा एकेका शब्दात दडलेला असे.

चर्चा निवळल्यावर ‘सीएफव्ही’, म्हणजे मतांसाठीचे आवाहन, निघे. मते मोजणाऱ्याला ई-पत्राने कळवावी लागत. गटात जाहीरपणे लिहिलेला पाठिंबा मोजला जात नसे. मुदत सुमारे तीन ते साडेचार आठवड्यांची असे. निकालात प्रत्येक मतदाराचे नाव, पत्ता आणि त्याचे मत छापले जाई आणि हरकतींसाठी पाच दिवस ठेवले जात. गुप्त मतदानाची सवय असलेल्या आपल्याला हे खटकते, परंतु खोटी मते पकडण्याचा दुसरा मार्गही नव्हता. सुरुवातीला प्रस्तावक स्वतःच मते मोजत, तेव्हा पक्षपाताचा संशय येणे स्वाभाविक होते. पुढे हे काम तटस्थ स्वयंसेवकांच्या एका मंडळाकडे गेले. प्रस्ताव पडला तर सहा महिने तो पुन्हा आणता येत नसे.

आता नकाराच्या अधिकाराकडे वळतो. नाव चुकीचे आहे, किंवा असलेल्या गटाचे विनाकारण तुकडे होत आहेत, असे सांगण्यासाठी तो होता आणि तेवढ्यापुरता योग्यही होता. विषय आवडत नाही म्हणून नकार देणे त्यात अभिप्रेत नव्हते, पण मत देणाऱ्याचे मन कोण तपासणार? १९९६ मध्ये गोऱ्यांच्या वंशवर्चस्वाचा पुरस्कार करणाऱ्या संगीतासाठी गट मागितला गेला, तेव्हा होकार ६०० हून कमी आणि नकार ३३ हजारांहून अधिक आले. त्या संतापात मी मनाने सहभागी आहे. तरीही त्या मोजणीतून वाचकांची संख्या कळत नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे. अल्पसंख्य भाषांच्या आणि पंथांच्या गटांनाही याच फटीतून इजा होऊ शकत होती, आणि आपली शंका मला म्हणूनच रास्त वाटते.

प्रश्न : ‘ऑल्ट’ने सुरू होणाऱ्या गटांना हे सारे लागू होते का? आणि मतदान आजही होते का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. १९८६-८७ मध्ये सर्व गटांची नव्याने नावे लावून मुख्य शाखा ठरवल्या गेल्या. मोठ्या यंत्रांचे व्यवस्थापक काही विषय वाहून नेण्यास तयार नव्हते, म्हणून १९८७ मध्येच जॉन गिलमोर, ब्रायन रीड आदी संगणकतज्ज्ञांनी ‘ऑल्ट’ ही वेगळी शाखा काढली. तेथे मतदानाची अट नव्हती. गट कोणीही काढू शके, मात्र तो आपल्या यंत्रावर घ्यायचा की नाही हे प्रत्येक व्यवस्थापक ठरवी, आणि त्यामुळे तेथील कित्येक गट फार दूर पोहोचत नसत. मुख्य शाखांमधील मतदान २००५-०६च्या सुमारास बंद झाले आणि निर्णय एका व्यवस्थापन मंडळाकडे गेला. प्रस्ताव आणि त्यावरील जाहीर चर्चा मंडळाने कायम ठेवली. मते मोजणे तेवढे थांबले.