आरोग्य-शंका: हर्पिसचा रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रश्न : सहा आठवड्यांपूर्वी असुरक्षित संबंध आला. नंतर खासगी जागी बारीक फोड उठले आणि सुकलेही. लातूरच्या लॅबमध्ये रक्त दिलं. ‘एचएसव्ही १ + २ आयजीएम पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला. आता मला नेमका कोणता प्रकार आहे? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : या रिपोर्टवरून ते सांगता येत नाही. हर्पिसचे फोड एचएसव्ही या विषाणूमुळे येतात, त्याचे १ आणि २ असे दोन प्रकार (टाईप) आहेत. पैसे गेले ते गेले, पण त्यावर निष्कर्ष काढू नका. आयजीएम आणि आयजीजी ही प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं. आयजीएम चाचणी दोन प्रकार वेगळे करत नाही. जुना आजार उलटला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते, कधी कधी उगाचच येते. म्हणजे कोणता प्रकार, हेही कळत नाही आणि लागण नवी की जुनी, हेही नाही.

दोन्ही विषाणूंची बरीचशी प्रथिनं सारखी असतात, त्यामुळे एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्यालाही चिकटतात. पुरेसा फरक आहे तो ग्लायकोप्रोटीन जी या प्रथिनात. म्हणून लॅबला आधी फोन करून विचारा : ‘ग्लायकोप्रोटीन जी वर आधारित, टाईप-स्पेसिफिक आयजीजी, १ आणि २ चे आकडे वेगवेगळे मिळतील का?’ ‘१ + २ एकत्रच होतं’ असं उत्तर आलं तर दुसरी लॅब बघा. उपाशीपोटी जायची गरज नाही.

वेळही महत्त्वाची. आयजीजी तयार व्हायला काही आठवडे लागतात. सहाव्या आठवड्यातला निगेटिव्ह अंतिम नाही, १२ आठवडे झाल्यावर पुन्हा तपासा. टाईप २ ची खात्रीशीर लागण बहुधा जननेंद्रियाचीच असते. टाईप १ पॉझिटिव्ह आला तर मात्र विषाणू ओठाजवळ आहे की खाली, हे रक्त सांगत नाही. अनेकांना तो लहानपणीच झालेला असतो.

पुन्हा फोड आले तर रक्ताच्या मागे लागू नका. खपली धरायच्या आत, शक्यतो एक-दोन दिवसांत, डॉक्टरांकडे जा. ताजा फोड उघडून त्याच्या बुडावर स्वॅब (कापसाची काडी) घासून घेतात आणि पीसीआरला, म्हणजे विषाणूचा अंश शोधणाऱ्या चाचणीला, पाठवतात. त्यात प्रकारही कळतो. सुकलेल्या फोडाचा स्वॅब निगेटिव्ह आला, तरी हर्पिस नाही असं म्हणता येत नाही. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही याच वेळी उरकून घ्या.

प्रश्न : कधीच फोड आले नाहीत. लग्न ठरलंय म्हणून सगळ्या तपासण्या केल्या, त्यात टाईप २ आयजीजी १.६ पॉझिटिव्ह आला. मुलीकडच्यांना काय सांगू? (परभणी)

उत्तर : अजून काहीच सांगू नका. प्रतिपिंडं मोजणाऱ्या बऱ्याच एलायझा किटमध्ये ०.९ च्या खाली निगेटिव्ह, ०.९ ते १.१ संशयित आणि त्यावर पॉझिटिव्ह धरतात. पण ३ च्या आतले पॉझिटिव्ह बरेचदा खोटे निघतात, टाईप १ असलेल्यांत तर जास्तच. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं अशा वेळी वेगळ्या पद्धतीच्या दुसऱ्या चाचणीने खात्री करायला सांगतात. त्याच किटवर पुन्हा तपासलं तर तीच चूक पुन्हा येऊ शकते, म्हणून दुसऱ्या कंपनीचं किट वापरणारी लॅब शोधा. वेस्टर्न ब्लॉट ही कसोटीची चाचणी, पण ती आपल्याकडे सहज होत नाही. आकडा मोठा म्हणजे आजार जास्त, असंही नसतं. लक्षणं नसताना ही चाचणी सरसकट करायची शिफारसच नाही, पॅकेजात ती घुसवलेली असते इतकंच.

प्रश्न : कमरेवर नागीण उठली. हर्पिसचं रक्त तपासू का? (अंबड)

उत्तर : नको. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, एचएसव्हीमुळे नाही. डॉक्टर बघूनच ओळखतात. औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालेलं बरं.

प्रश्न : सातवा महिना आहे. टॉर्च तपासणीत (बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी) हर्पिस आयजीजी पॉझिटिव्ह आला. बाळाला धोका आहे का? (बीड)

उत्तर : नुसत्या आयजीजीवरून घाबरू नका, जुन्या लागणीची प्रतिपिंडं बाळालाही मिळतात. खरा धोका शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर. तुम्हाला किंवा यजमानांना कधी फोड आले असतील तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. जननेंद्रियावर वारंवार फोड येत असतील तर ३६ व्या आठवड्यापासून गोळ्या देतात, आणि कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतात. यजमानांना सध्या फोड असतील, ओठावरचे धरून, तर संबंध टाळा.

प्रश्न : खासगीत जायची लाज वाटते. सरकारी सोय आहे का? (हिंगोली)

उत्तर : आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ (लैंगिक आजारांचा दवाखाना) विचारा. जननेंद्रियावर फोड असतील तर तिथे लाल रंगाचं ५ नंबरचं किट मोफत देतात : असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता, फोड बघूनच ते सुरू करतात.