फुटपाथवर दुचाक्या येऊ नयेत, पण व्हीलचेअर जावी, असे बोलार्ड (फुटपाथच्या तोंडाशी रोवलेले आखूड खांब) लावता येतात का?

फक्त अंतर मोजून नाही जमत. नेहमीची व्हीलचेअर ६५-७० सेंमी रुंद, त्यात चाक फिरवणाऱ्या हातांना जागा हवी, म्हणजे निदान ९० सेंमी मोकळे सोडायलाच हवेत. अ‍ॅक्टिव्हाची रुंदी साधारण ७० सेंमी. जिथून खुर्ची जाईल तिथून स्कूटरही आरामात जाणार! खांब आणखी जवळ आणले, तर दुचाकीवाला शेजारच्या इमारतीच्या गेटातून फुटपाथवर चढतो आणि अडकते ती व्हीलचेअरच. मुंबईत अशाच खांबांमुळे व्हीलचेअरची वाट अडली, म्हणून २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

वळणाचे लोखंडी अडसर तर आणखी वाईट. खुर्ची त्यात वळतच नाही, तीनचाकी सायकलचा प्रश्नच सोडा.

माझ्या मते खांब फक्त कार अडवण्यासाठी ठेवावेत: १ ते १.२ मीटर अंतरावर, दृष्टी कमी असलेल्यांना दिसतील अशा ठळक रंगाचे. दुचाकी रोखणं हे पोलिसांचं काम. फुटपाथवर गाडी चालवायला वाहन चालवण्याबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाईच आहे, तेव्हा सिग्नलजवळच्या कॅमेऱ्यांतून ई-चलन पाठवावं. तुमच्या भागात खांब खेटून लावले असतील तर टेपने अंतर मोजा, फोटो काढा आणि वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या. त्यात दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चा उल्लेख जरूर करा.