दगड-मातीचं जुनं घर भूकंपात टिकेल का, की पाडून आरसीसीच बांधावं?

पाडायलाच हवं असं नाही, मजबूत करता येतं; पण आधी धोका कुठे आहे ते पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली, ती मुख्यतः अशाच घरांखाली दबून. दोन-अडीच फूट जाड भिंत भक्कम वाटते, पण प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या भिंती असतात: आतला थर, बाहेरचा थर, मधे कपच्या आणि माती. हादरा बसला की थर सुटतात, बाहेरचा फुगून ढासळतो. वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं. गळू नये म्हणून दर काही वर्षांनी आणखी माती टाकलेली, म्हणजे डोक्यावरचं वजन वाढतच जातं.

म्हणून आधी माळवदावरची जास्तीची माती उतरवा. मग साधारण दर मीटरवर भिंतीला आरपार भोक पाडून त्यात आकडा वळवलेली सळई ठेवा आणि काँक्रीट भरा. भोक घण घालून पाडू नका, दगड हलक्या हाताने एकेक काढा. दारं-खिडक्यांच्या वर, घराच्या चारी बाजूंनी, आतून-बाहेरून जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा फिरवा. कोपऱ्यात तो तुटता कामा नये, सगळं घर त्यानेच बांधलं जातं.

नवं बांधकाम असेल तर लिंटेलचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरचा अखंड पट्टा सुरुवातीपासूनच घ्या. आणि ‘आमच्याकडे भूकंप होत नाही’ यावर कृपा करून विसंबू नका; किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. भिंत आधीच फुगलेली असेल तर काहीही करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.